दादाला हवा असलेला आकडा

बारा कॉलेजं. प्रत्येक ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे नकाराची पंच्याण्णव. 0.95 हा आकडा बारा वेळा गुणला की उरतात 0.54. याचा अर्थ बाराही ठिकाणांहून नकार येण्याची शक्यता 54 टक्के आणि निदान एका ठिकाणाहून होकार येण्याची 46. दादाने हे सगळं एक्सेलमध्ये मांडलं होतं आणि 46 चा चौकोन पिवळा रंगवला होता.

“जवळजवळ निम्मी शक्यता आहे,” तो म्हणाला. “प्रवेशासाठी नेमलेल्या सल्लागाराने साठ टक्के सांगितले होते, ते मला जरा जास्तच वाटले. पण सेहेचाळीस काही वाईट नाहीत.”

ऑगस्टमधली रविवारची सकाळ होती. न्यू जर्सीत, एडिसनमधल्या त्याच्या घरी आम्ही पोहे खात बसलो होतो. माझी भाची वर झोपली होती. सप्टेंबरात ती बारावीत जाणार आणि गेली सहा वर्षं ती एका खासगी शाळेत आहे. फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या घरात. मी स्वतः अमेरिकेतल्या दुसऱ्या एका खासगी शाळेत चौदा वर्षं कॉलेज समुपदेशक होते. बारावीच्या मुलांबरोबर बसून कुठे अर्ज करायचा ते ठरवायचं आणि त्या मुलांबद्दल कॉलेजांना पत्रं लिहायची, हे माझं काम. गेल्या वर्षी मी ते सोडलं. त्या सकाळचं बोलणं इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला न्यू जर्सीतून, पुण्याहून, ठाण्याहून फोनवर विचारला जातो: आमच्या मुलाचा चान्स किती?

“गुणाकार बरोबर आहे,” मी म्हटलं. “पण तो फाशांचा आहे. एका फाशाला दुसऱ्या फाशाचं काही ठाऊक नसतं. इथे बारा ठिकाणी जाणारा अर्ज एकच आहे, दादा. तेच मार्क, तोच निबंध, त्याच शिक्षकांची तीच पत्रं. निबंध पोकळ असेल तर तो बाराही ठिकाणी पोकळच वाचला जाणार. सगळे नकार एकाच कारणाने येऊ शकतात.”

“म्हणजे सेहेचाळीसपेक्षा कमी?”

“बहुतेक कमीच. आणि तुझे ते पाच टक्केसुद्धा तिचे नाहीत. ते सगळ्या अर्जदारांचे मिळून आहेत. 2022 साली हार्वर्डकडे 61,220 अर्ज आले आणि त्यांनी 1,954 मुलं घेतली. 3.19 टक्के. पण त्या गर्दीतल्या प्रत्येकाला 3.19 टक्के शक्यता होती असं कुणी सांगितलं?”

आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव होतो, अशा आरोपावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात ही गोष्ट उघडी पडली. 2018 साली बॉस्टनच्या न्यायालयात तो चालला आणि एरवी कुलुपात राहणारे आकडे सगळ्या देशासमोर आले. खेळासाठी प्रशिक्षकांनी निवडलेल्या अर्जदारांपैकी 86 टक्क्यांना प्रवेश मिळत होता. ज्यांचे आईवडील त्याच कॉलेजात शिकले, अशांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना. शिवाय देणगीदारांची आणि प्राध्यापकांची मुलं वेगळी. हे चार गट मिळून अर्जदारांमध्ये पाच टक्केही नव्हते, पण प्रवेश मिळालेल्यांत ते तीस टक्क्यांच्या आसपास होते. मी हे सांगितल्यावर दादाने एक्सेलमध्ये नवा रकाना उघडला. त्याचा स्वभावच तो.

“ठीक. ती या चारपैकी कशातच नाही. तू सीओईपीचा, वहिनी रुपारेलची. वारसा शून्य. खेळ शून्य,” मी म्हणाले. “म्हणजे सरासरीच्या खालून सुरुवात कर.”

“पण तिला सॅट परीक्षेत 1540 आहेत.”

“त्याच खटल्यात आलेला आकडा सांगते. एका वर्षी अमेरिकेतल्याच साधारण सव्वीस हजार मुलांनी हार्वर्डकडे अर्ज केले. त्यांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांचे शाळेतले गुण पैकीच्या पैकी होते. सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली 3,400, भाषेत पैकीच्या पैकी मिळवलेली 2,700. जागा दोन हजारांच्या आत. 1540 म्हणजे दार लोटलं, इतकंच. आत गर्दी आहे.”

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने लॅपटॉप बंद केला. मला वाटलं तो खचला. पण त्याला राग आला होता.

“हे मला कधीच पटलेलं नाही,” तो म्हणाला. “मी बारावी झालो तेव्हा पीसीएमला तीनशेपैकी दोनशे एक्याण्णव होते. यादी लागली. नाव वाचलं, बाबांना फोन केला. ज्याचं नाव नव्हतं त्याला का नव्हतं हेही माहीत होतं, दोन मार्क कमी पडले म्हणून. रडला असेल तो, पण मला माणूस म्हणून नापास केलं असं त्याला वाटलं नसेल. इथे माझ्या मुलीला नकार येईल आणि कारण कुणी सांगणार नाही. ती सतरा वर्षांची आहे. ती कारण स्वतःमध्येच शोधेल. ज्या व्यवस्थेत निकालाचं कारण सांगावंच लागत नाही तिला मी न्याय्य म्हणणार नाही.”

मला याचं उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. दरवर्षी मार्चअखेर, हार्वर्ड-येलसारख्या बहुतेक आयव्ही कॉलेजांचे निकाल एकाच संध्याकाळी लागायचे, तेव्हा माझ्या खोलीत येऊन बसणारी मुलं नेमका हाच प्रश्न विचारायची. “मी काय चुकलो?” आणि बहुतेकांचं काहीच चुकलेलं नसायचं.

“आणि मार्कांशिवाय व्यक्तिमत्त्व वगैरे पाहायचं हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे,” दादा पुढे म्हणाला. त्याने जेरोम काराबेल यांचं ‘द चोझन’ वाचलं आहे, 2005 सालचं पुस्तक. “शंभर वर्षांपूर्वी ही कॉलेजं परीक्षा घेऊनच मुलं घ्यायची. परीक्षेत ज्यू मुलं पुढे येऊ लागली. 1922 च्या सुमाराला हार्वर्डमध्ये पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. अध्यक्ष लॉवेल यांना त्यावर मर्यादा घालायची होती. उघड कोटा लोकांनी हाणून पाडला, तेव्हा चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व पाहायला सुरुवात झाली. छायाचित्र मागवायला लागले. सगळा माणूस पाहतो म्हणतात, त्याचं मूळ हे आहे. आणि आता आपल्या मुलांना त्याच रकान्यात कमी गुण देतात.”

यातलं शेवटचं वाक्य जरा तपासून घ्यायला हवं. हार्वर्ड प्रत्येक अर्जाला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिगत गुण अशा बाबींत श्रेणी देतं. आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात सरस श्रेणी मिळत होती आणि व्यक्तिगत गुणांत सरासरीने कमी, हे खटल्यात दिसलं. 2019 साली खालच्या न्यायालयाने यात हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असं म्हटलं. जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करणंच बंद केलं. व्यक्तिगत गुणांची श्रेणी मात्र त्या निकालाने रद्द झाली नाही. दादाचा राग मला समजतो. तो अस्थानी आहे असं मी म्हणणार नाही.

पण यादीबद्दल मला बोलायचं होतं.

“दादा, तू अकरावी-बारावी कुठे केलीस?”

“पुण्यात. मामाकडे राहून.”

“का?”

तो समजला. साताऱ्यात तेव्हा त्याच्या तोडीचे क्लास नव्हते. आईने दागिने मोडून क्लासची फी भरली, मामाने खोली दिली. तीन वर्षांनी माझी बारावी आली तेव्हा पैसे उरले नव्हते आणि मुलीला लांब ठेवायची घरच्यांची तयारीही नव्हती. मी साताऱ्यातच शिकले. मला 254 पडले. यादीत आम्हा दोघांच्या नावांमध्ये जे अंतर होतं त्यात सदतीस मार्क दिसत होते. मामाची खोली दिसत नव्हती.

“हे तू कधी बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“आज विषय निघाला म्हणून. तुझे मार्क खोटे होते असं मी म्हणत नाही. तू रात्र रात्र अभ्यास केलास, मी पाहिलाय. पण यादीला सातारा कळत नाही. मी ज्या पद्धतीत काम केलं तिला निदान सातारा कळू शकतो.”

आणि मी त्याला माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तो शिष्यवृत्तीवर आमच्या शाळेत होता. दहावीत त्याचे गुण एकदम घसरलेले. आई रात्रपाळीला जायची आणि दोन धाकट्या भावंडांना उठवून, खायला घालून, बसमध्ये बसवून मग हा शाळेत यायचा; पहिल्या तासाला कायम उशिरा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला कळलं ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या डब्यावरून, जो चुकून त्याच्या दप्तरात राहिला होता. मी दोन पानांचं पत्र लिहिलं. एका अत्यंत निवडक कॉलेजात त्याला पूर्ण खर्चासह प्रवेश मिळाला. यादीत तो कधीच दिसला नसता.

“छान झालं,” दादा म्हणाला. “मनापासून म्हणतोय. पण मला सांग, तू किती मुलांचं काम बघायचीस?”

“एका वर्गाला चाळीसेक.”

“आणि आमच्या इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये?”

देशाची सरासरी एका समुपदेशकामागे साधारण पावणेचारशे मुलं आहे. त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेची शिफारस 250 ची. शिवाय त्यांच्याकडे फक्त कॉलेजचं काम नसतं. वेळापत्रकं, गैरहजेरी, घरातली भांडणं, आत्महत्येचे विचार, सगळं त्यांच्याच टेबलावर येतं.

“मग तोच मुलगा तिथे असता,” दादा म्हणाला, “तर त्याचा डबा कुणाला दिसला असता?”

कुणालाच नाही. चौदा वर्षं मी ज्या पत्राचा अभिमान बाळगला, त्याच्यावर माझ्या भावाने सरळ बोट ठेवलं. माणूस वाचणारी पद्धत चांगली, पण वाचून दाखवणारा कुणीतरी लागतो, आणि तो खासगी शाळेत मिळतो.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी 2023 च्या जुलैमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. आठ आयव्ही कॉलेजं आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारांचा त्यांनी अभ्यास केला. सॅटचे गुण सारखेच असले तरी सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं या कॉलेजांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती. तीन कारणं निघाली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची निवड, आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांना दिलेली श्रेणी. ही तिसरी श्रेणी महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना जास्त मिळत होती, आणि तिच्यात शिक्षकांच्या व समुपदेशकांच्या पत्रांचा मोठा वाटा होता. सधन वस्तीतल्या सरकारी शाळांतल्या तितक्याच गुणांच्या मुलांशी तुलना केली, तरी धार्मिक संस्थांच्या नसलेल्या खासगी शाळांतल्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. आणि ज्या तीन गोष्टींमुळे ही मुलं आत जातात, त्यांचा पुढच्या आयुष्यातल्या यशाशी संबंध दिसला नाही. सॅटच्या गुणांचा दिसला.

“बघ!” दादा म्हणाला. “शेवटी मार्कांकडेच यावं लागलं. एमआयटीने 2022 मध्येच सॅटसारखी परीक्षा परत सक्तीची केली. 2024 मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड सगळे मागोमाग.”

“हो. त्यांनी ते बरोबर केलं,” मी म्हटलं. “पण तू मघाचं अर्धंच ऐकलंस. तुझ्या शेजारच्या घरातला मुलगा कुठे जातो?”

“सरकारी हायस्कूलला. हुशार आहे. त्यालाही पंधराशेच्या वर आहेत.”

“मग तू सहा वर्षं भरलेल्या फीमध्ये काय विकत घेतलंस ते हे आहे. ग्रंथालय आणि पोहण्याचा तलाव मी मोजत नाही. तू माझ्यासारखी बाई विकत घेतलीस. तुझ्या मुलीचं नाव, सवयी, हसणं माहीत असलेली, आणि तिच्याबद्दल दोन पानं लिहायला वेळ असलेली. तो मुलगा तिच्याइतकाच हुशार असेल आणि त्याच्याबद्दल चार ओळी जातील.”

वहिनी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “त्याच्या आईला मी रोज भेटते. मी काय सांगू तिला?” आम्ही दोघंही गप्प राहिलो.

माझं स्वतःचं मत मी इथे स्पष्ट लिहिते. वारसदारांना मिळणारं झुकतं माप सगळीकडे बंद व्हायला हवं. जॉन्स हॉपकिन्सने ते स्वतःहून बंद केलं, ॲमहर्स्टने 2021 साली केलं. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये खासगी कॉलेजांनाही लागू होणारा त्याविरुद्धचा कायदा केला. अर्ली डिसिजनही माझ्या मते अन्यायाचा आहे. 1 नोव्हेंबरच्या सुमाराला एका कॉलेजाला वचन द्यायचं की प्रवेश दिलात तर आम्ही येणारच, आणि त्या बदल्यात शक्यता वाढवून घ्यायची. काही प्रसिद्ध कॉलेजं निम्म्याच्या आसपास जागा अशाच भरतात. चार ठिकाणच्या आर्थिक मदतीची तुलना न करता असं वचन कोण देऊ शकतो? ज्याला पैशाची चिंता नाही तो.

“आम्ही देऊ शकतो,” दादा म्हणाला, जरा खालच्या आवाजात.

“हो. तुझ्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता तो आहे. आणि तो तिच्या हुशारीचा नाही.”

मग आम्ही खऱ्या कामाला लागलो. शाळेने पालकांना संगणकावर ठिपक्यांचा आलेख दिलेला असतो: मागच्या वर्षांतली याच शाळेतली मुलं, त्यांचे गुण, हिरवा ठिपका होकाराचा, लाल नकाराचा. दादाने तो पाठ केला होता. एका कॉलेजाच्या आलेखावर तिच्या गुणांच्या जवळपास पाच हिरवे ठिपके होते आणि त्यावर त्याने बरीच आशा बांधली होती. मी त्याला वाईट वाटेल असं सांगितलं. ठिपक्याला वडिलांचं नाव नसतं. त्या पाचांत होड्या वल्हवणारा कोण, आजोबांच्या नावाची इमारत असलेली कोण, हे आलेख सांगत नाही. माझ्या शाळेच्या आलेखातून मी मनातल्या मनात अशी नावं पुसायचे, आणि काही कॉलेजांसमोर एखादाच हिरवा ठिपका उरायचा. तुमच्या शाळेच्या समुपदेशकाला हे माहीत असतं. ते नावं सांगू शकत नाहीत, पण “यातली साधी मुलं किती?” असं विचारलं तर प्रामाणिक समुपदेशक उत्तर देतो. पालक हा प्रश्न विचारत नाहीत, कारण उत्तराची भीती वाटते.

दुसरी अडचण अशी की कॉलेजात एका भागातल्या शाळांचे अर्ज साधारण एकच अधिकारी वाचतो. शंभर मुलांच्या वर्गातल्या वीस जणांनी एकाच कॉलेजाला अर्ज केला तर ते वीस त्याच्यासमोर शेजारी-शेजारीच येतात. अधिकृत मर्यादा नसते, पण तो वीस घेणार नाही हेही नक्की. खासगी शाळेतलं मूल देशाशी स्पर्धा करतं असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा ते बाजूच्या बाकावरच्या मैत्रिणीशी करत असतं, आणि दोघींनाही ते कळलेलं असतं. ही या शाळांची न बोललेली किंमत आहे.

“तिच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगू शकेल अशी शिक्षिका कोण आहे?” मी विचारलं.

दादाने उपक्रमांचा कागद पुढे केला. अर्जात दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाला दीडशे अक्षरं. दहाही भरले होते: अरंगेत्रम, वादविवाद, व्हायोलिन, सल्लागाराच्या सूचनेवरून काढलेली एक सेवाभावी संस्था, उन्हाळ्यातलं पैसे भरून केलेलं संशोधन शिबिर. मी हा कागद शेकडो वेळा वाचला आहे. नावं वेगळी, कागद हाच.

भाची खाली आली तेव्हा अकरा वाजले होते. मी तिलाच विचारलं. “केमिस्ट्रीच्या बाई,” ती लगेच म्हणाली. “त्या आणि मी शाळेच्या बागेतल्या कंपोस्टचं तापमान रोज लिहितो. दोन वर्षं झाली. हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो आणि ढिगाच्या आत पन्नास अंश सेल्सिअस. आतले जीवाणू उष्णता तयार करतात. आत्या, मला वही दाखवू का?”

दादाने कागद पाहिला. कंपोस्ट त्यात नव्हतं. दहाच जागा होत्या.

तिने वही आणली आणि आम्ही अर्धा तास ती वाचली. हे लिहिताना मला सावध राहायला हवं, कारण वाचकाला वाटेल की आता या वहीने तिला प्रवेश मिळणार. तसं नाही. या वहीने शक्यता थोडी वाढेल, किंवा वाढणारही नाही. त्या वर्षी त्या कॉलेजाला व्हायोलिन वाजवणारी हवी आहे की माँटॅनातला मुलगा, हे वहीला माहीत नाही. शक्यता हा मुलाचा गुण नसतो. ती त्या वर्षीच्या कॉलेजाची गरज असते, आणि म्हणून तिच्यावरून मूल मोजता येत नाही. वहीने एवढंच ठरलं की तिला काय शिकायचं आहे. त्यावरून कुठे अर्ज करायचा तेही ठरायला लागलं.

“मातीतल्या जीवाणूंचा अभ्यास करायचा असेल तर रटगर्स बघितलंस का?” मी विचारलं.

“रटगर्स?” दादा म्हणाला. “ते तर इथलंच, राज्याचं विद्यापीठ. दुधाची तहान ताकावर?”

“ते ताक आहे असं कुणी सांगितलं तुला? 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन तिथेच सापडलं, प्राध्यापक वॅक्समन यांच्या विभागात. ॲल्बर्ट शॅट्झ नावाच्या विद्यार्थ्याला, तळघरातल्या प्रयोगशाळेत, मातीतल्या सूक्ष्मजीवापासून. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध. वॅक्समन यांना 1952 चं नोबेल त्याबद्दल मिळालं. तुझ्या घरापासून ती जागा नदीपलीकडे आहे.”

भाचीला हे माहीत होतं. वडिलांना सांगायचं धाडस होत नव्हतं.

दादा सहजासहजी मानणारा नाही आणि त्याने मानावं असंही नाही. “चेट्टींच्या त्याच अभ्यासात,” तो म्हणाला, “राज्याच्या विद्यापीठापेक्षा या बारांपैकी एका ठिकाणी गेलं तर सगळ्यात वरच्या एक टक्का कमाईत पोचण्याची शक्यता बरीच वाढते, असंही निघालं. ते तू सांगितलं नाहीस.”

तो बरोबर होता, आणि मी ते सांगायला हवं होतं. त्याच अभ्यासात सरासरी कमाईत मात्र फारसा फरक दिसला नाही. त्याच्या एकवीस वर्षं आधी, 2002 साली, स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनीही तेच दाखवलं होतं: सारख्याच योग्यतेची मुलं कमी निवडक कॉलेजात गेली तरी पुढे साधारण तितकंच कमावतात. अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा; त्यांना निवडक कॉलेजाचा खरा फायदा होतो. म्हणजे ज्याला या जागेने सगळ्यात जास्त मिळतं, त्याच्यासाठी पत्र लिहायला कुणी नसतं.

दुपारपर्यंत बारांची यादी आठवर आली. रटगर्स. मृदाशास्त्र चांगलं शिकवणारी आणखी तीन ठिकाणं, जिथे ती रमेल आणि प्रवेशही बहुतेक मिळेल. अत्यंत निवडक अशी चार, पण तिने प्राध्यापकांची नावं वाचून निवडलेली. सेवाभावी संस्था उपक्रमांतून गेली. कंपोस्ट पहिल्या ओळीत आलं.

“आता तरी टक्के सांग,” दादा म्हणाला.

“त्या चारांपैकी एकाही ठिकाणी दहात एकाहून जास्त नाही. चारही ठिकाणांहून नकार येईल असं धरून चल. उरलेल्या चारांत ती आनंदाने शिकेल. हा माझा आकडा.”

त्याने तो लिहून घेतला. या वेळी पिवळा रंग दिला नाही.

पुण्या-मुंबईतून फोन करणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट इथे लिहिणं गरजेचं आहे. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर ती मागणी न पाहता निर्णय घेणारी कॉलेजं फार थोडी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी काही. बाकी ठिकाणी मदत मागण्यानेच शक्यता कमी होते. इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळेची फी भरताना शाळा निकालांची जी यादी दाखवते, त्यातल्या किती मुलांनी पूर्ण पैसे भरले हे जरूर विचारा.

आणि अमेरिकेतल्या मराठी पालकांना एक विनंती. तुमच्या मुलासाठी हे सगळं करून झालं असेल तर सरकारी शाळेत जाणारं एक मूल शोधा. फार लांब जावं लागणार नाही. बऱ्याच शाळा मुलांकडून आणि पालकांकडून एक माहितीपत्रक भरून घेतात, ज्याला ब्रॅग शीट म्हणतात. समुपदेशक पत्र लिहिताना तेच समोर ठेवतो आणि बहुतेक मुलं ते पाच मिनिटांत उरकतात. त्या मुलाबरोबर तासभर बसा, तो घरी काय करतो ते विचारा, आणि ते त्याला त्या कागदावर लिहायला लावा. वहिनी त्या संध्याकाळी शेजारी गेली होती. त्या मुलाच्या आईला असा कागद असतो हेच माहीत नव्हतं.